बॅसिलस सोमवारी गुलाबी का होतो? ग्रॅम स्टेनिंगमध्ये पुन्हा पुन्हा होणारा घोळ

ग्रॅम स्टेनिंग म्हणजे जीवाणूंना आधी जांभळा रंग, मग आयोडिन, मग रंग उडवणारं अल्कोहोल आणि शेवटी गुलाबी रंग द्यायचा; जांभळे राहतात ते ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’, गुलाबी होतात ते ‘ग्रॅम निगेटिव्ह’. तक्रार साधी वाटते. स्ट्रेन तोच, रंगांच्या बाटल्या त्याच, स्टेन करणारा हातही तोच. गुरुवारी स्लाइड केली की बॅसिलस सबटिलिस हा दांडक्याच्या आकाराचा जीवाणू गडद जांभळा, पुस्तकातल्या चित्रासारखा. सोमवारी केली की अर्ध्याहून जास्त दांडके गुलाबी. वहीत गुरुवारी ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ आणि सोमवारी ‘ग्रॅम निगेटिव्ह’ असं लिहायची वेळ येते, आणि मग कुणीतरी हळूच ‘ग्रॅम व्हेरिएबल’ (कधी हा रंग, कधी तो) लिहून मोकळं होतं.

मी प्रात्यक्षिकं घेतो त्या प्रयोगशाळेत हा प्रकार जवळजवळ एक आख्खं सत्र चालला. आधी अल्कोहोलवर संशय घेतला, बाटली बदलली. मग आयोडिन नव्याने केलं. मग विद्यार्थ्यांवर खापर फोडलं, कारण तो सगळ्यात सोपा मार्ग. कशानेच फरक पडेना. खरं कारण सापडलं तेव्हा ते स्टेनच्या ट्रेमध्ये नव्हतंच. पण तिथपर्यंत पोचायच्या वाटेवर ग्रॅम स्टेन बिघडवणारी बाकीची कारणंही एकेक करून तपासावी लागली, म्हणून तीच वाट इथे मांडतो. तुमचा घोळ आमच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी असू शकतो.

सगळ्यात आधी: चूक हाताची की कल्चरची (वाढवलेल्या जीवाणूंची)?

हे ठरवल्याशिवाय बाटल्या बदलत बसू नका. आम्ही तेच केलं आणि दोन महिने घालवले.

एकाच स्लाइडवर तीन छोटे स्मिअर (जीवाणूंचे पातळ लेप) घ्या. एका कडेला ताजा ई. कोलाय (ग्रॅम निगेटिव्ह), दुसऱ्या कडेला ताजा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस (ग्रॅम पॉझिटिव्ह), मधे तुमचा संशयित. तिन्हींवर तोच रंग, तेच आयोडिन, तेच अल्कोहोल, तेवढेच सेकंद. कोलाय गुलाबी आणि स्टॅफ जांभळा आला, तर तुमचे हात आणि बाटल्या दोन्ही ठीक आहेत, आणि मधल्या स्मिअरचं जे काही झालंय ते त्या जीवाणूकडूनच आलंय. स्टॅफसुद्धा गुलाबी झाला, तर मधल्या स्मिअरकडे बघूच नका, ती स्लाइड बाद.

कडेचे हे दोन स्मिअर म्हणजे कंट्रोल: ज्यांचा निकाल आधीच माहीत आहे असे. वेगळ्या स्लाइडवर केलेला कंट्रोल मी कंट्रोल धरत नाही. रंग उडवण्याच्या पायरीत दोन स्लाइडना सारखीच वागणूक मिळाली असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

भिंतीत नेमकं काय घडतं

हे समजलं की पुढचा प्रत्येक बिघाड आपोआप उलगडतो, म्हणून इथे जरा थांबू.

क्रिस्टल व्हायोलेट दोन्ही प्रकारच्या पेशींमध्ये शिरतो. पहिल्या मिनिटानंतर स्लाइडवर सगळेच जांभळे असतात. मग आयोडिन येतं आणि रंगाच्या रेणूंशी जोडी करून मोठा, पाण्यात न विरघळणारा गठ्ठा तयार करतं. हा गठ्ठा पेशीच्या आत तयार होतो हे महत्त्वाचं. आत जाताना रंग सुटा होता, बाहेर पडताना त्याला गठ्ठा म्हणून पडायचं आहे.

आता अल्कोहोल. ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूची पेशीभित्तिका म्हणजे पेप्टिडोग्लायकनचे थरावर थर, साधारण 20 ते 80 नॅनोमीटर जाडीचे, आणि त्यात विणलेली टायकोइक आम्लं. अल्कोहोलने या जाळीतलं पाणी ओढलं जातं, जाळी आवळते, तिची भोकं बारीक होतात आणि गठ्ठा आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूत पेप्टिडोग्लायकनचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. त्याच्या बाहेर लिपोपॉलिसॅकराइड असलेलं एक बाह्यपटल असतं. अल्कोहोल ते बाह्यपटल विरघळवून फाडतं, आतला पातळ थर गठ्ठा अडवू शकत नाही आणि जांभळा रंग वाहून जातो. रिकाम्या झालेल्या पेशीला मग सॅफ्रानिन गुलाबी करतो. सॅफ्रानिन जांभळ्या पेशींनाही लागतोच, फक्त तिथे तो दिसून येत नाही.

म्हणजे ही चाचणी जीवाणूला ‘तू कोण’ असं विचारतच नाही. ‘तुझी भिंत आत्ता या घडीला अल्कोहोलसमोर टिकते का’ एवढंच विचारते. भिंत मुळात जाड असूनही आज पडकी असेल, तर उत्तर ‘नाही’ असंच येणार.

1884 मध्ये हान्स क्रिस्टियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने बर्लिनमध्ये ही पद्धत काढली, तेव्हा जीवाणूंचं वर्गीकरण त्याच्या डोक्यातही नव्हतं. न्युमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या कापांमध्ये जीवाणू उठून दिसावेत, आजूबाजूच्या ऊतींमध्ये हरवू नयेत, एवढीच त्याची गरज. काही जीवाणूंचा, उदाहरणार्थ टायफॉइडच्या दांडक्यांचा, रंग अल्कोहोलने निघून जातो हे त्याने नोंदवलं, आणि आपली पद्धत अजून सदोष आहे हेही प्रामाणिकपणे लिहिलं. सॅफ्रानिनची पायरी नंतर इतरांनी जोडली. ज्या गोष्टीला तो उणीव समजत होता, तिच्यावर पुढे जीवाणूंचे दोन मोठे कप्पे उभे राहिले.

कंट्रोलसकट सगळं गुलाबी

बहुतेक वेळा अल्कोहोल जास्त झालेलं असतं. 95 टक्के इथेनॉल तुलनेने संथ काम करतं, त्यात दहा-वीस सेकंद मिळतात. ॲसिटोन फार झपाट्याने रंग काढतं, तिथे दोन-तीन सेकंदही पुष्कळ. दोघांचं मिश्रण मधलं. प्रयोगशाळेत कुणीतरी इथेनॉलच्या जागी ॲसिटोन-अल्कोहोल भरून ठेवतं, बाटलीवर नुसतं ‘डीकलरायझर’ लिहितं आणि भिंतीवरच्या तक्त्यात वीस सेकंद तसेच राहतात. बाटलीत काय आहे ते विचारा. विचारायला लाज वाटत असेल तर वास घ्या, ॲसिटोनचा वास लपत नाही.

घड्याळापेक्षा डोळ्यांवर भर द्या. स्लाइड तिरकी धरून थेंबाथेंबाने सोडा, खाली पडणारा थेंब जांभळ्याचा फिका झाला की लगेच पाणी. पाणी घातल्याशिवाय रंग उडणं थांबत नाही. स्लाइड ट्रेवर ठेवून पाण्याची बाटली शोधायला गेलात तेवढ्यात काम झालेलं असतं. आणि हो, हे सगळं बर्नर बंद करून.

दुसरा संशयित आयोडिन. ग्रॅमचं आयोडिन उजेडात आणि सैल झाकणाखाली उतरत जातं. ते कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसलं पाहिजे. पिवळसर झालं असेल तर गठ्ठा नीट बांधला जात नाही आणि रंग सुटाच निघून जातो. तपकिरी काचेची बाटली आणि घट्ट बूच, एवढी काळजी पुरे. कधी कधी आयोडिनची पायरीच राहून गेलेली असते. हसू नका, वीस स्लाइडच्या रांगेत हे सर्रास होतं.

तिसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही: ज्योतीवर भाजलेला स्मिअर. उष्णतेने स्मिअर चिकटवायचा असतो, शिजवायचा नसतो. जास्त तापवलं की भित्तिका फुटते, मग जाड असून उपयोग काय. स्लाइडची मागची बाजू हाताला कोमट लागावी, चटका बसू नये. मी अलीकडे ज्योत सोडून मिथेनॉलने स्मिअर पक्का करतो. दोन मिनिटं मिथेनॉल ठेवायचं, मग हवेत वाळू द्यायचं. पेशींचे आकारही जास्त शाबूत राहतात.

कंट्रोलसकट सगळं जांभळं

अल्कोहोल कमी पडलं, किंवा स्मिअर जाड आहे. जाड स्मिअर हा सुरुवातीच्या सगळ्यांचा आवडता गुन्हा. कॉलनीचा (जीवाणूंच्या वसाहतीचा) भलामोठा गोळा उचलून स्लाइडवर थापला की वरच्या थरातला रंग निघतो, खालच्या ढिगातला तसाच राहतो. ओला स्मिअर स्लाइडवर पसरला की त्यातून खालच्या कागदावरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. कॉलनीला सुईचं टोक लावलं तरी पुष्कळ माल येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली बघतानाही हेच. पेशी सुट्या सुट्या पसरलेल्या असतील असा भाग शोधा आणि निकाल तिथेच वाचा. ढिगाच्या रंगावर विश्वास ठेवू नका, तो जांभळाच दिसणार.

आणखी एक छोटी गोष्ट. आयोडिननंतर स्लाइडवर पाणी साचलेलं असेल तर अल्कोहोल पातळ होतं आणि त्याचा जोर कमी होतो. पाणी झटकून मग अल्कोहोल सोडा.

जांभळे बारीक ठिपके सगळीकडे, पेशी नाहीत तिथेही? ते जीवाणू नाहीत, क्रिस्टल व्हायोलेटचा साका आहे. रंग गाळून घ्या. असे ठिपके पाहून ‘कॉकाय (गोल जीवाणू) मिळाले’ असं सांगत येणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी असतो.

कंट्रोल बरोबर, फक्त आपलाच चुकीचा

आता आमच्या सोमवारकडे.

तीन स्मिअरची स्लाइड केली, कोलाय गुलाबी, स्टॅफ जांभळा, मधला बॅसिलस दोन्ही रंगांत. म्हणजे इतके दिवस शिव्या खाल्लेलं अल्कोहोल निर्दोष. मग प्लेटकडे, म्हणजे ज्या पोषक जेलीवर जीवाणू वाढवले तिच्याकडे, वळलो. प्लेटवर तारीख होती, वेळ नव्हती. गुरुवारच्या प्रात्यक्षिकासाठी प्लेट बुधवारी दुपारी चारला स्ट्रीक होत होती (तिच्यावर जीवाणू लावले जात होते), सकाळी दहाला वापरली जात होती: 18 तास. सोमवारची प्लेट शुक्रवारी संध्याकाळी पाचला स्ट्रीक करून 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली जायची आणि सोमवारी सकाळी दहाला बाहेर यायची: 65 तास. कंट्रोलचे दोन्ही जीवाणू मात्र त्या दिवशी मी मुद्दाम आदल्या संध्याकाळी लावले होते.

65 तास म्हणजे बॅसिलससाठी म्हातारपण आणि त्यापुढचंही काहीतरी. चांगल्या माध्यमात हा जीवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. सुरुवातीला जरा थांबून नव्या जागेशी जुळवून घेणारा मंद काळ, मग झपाट्याने वाढीचा काळ, मग अन्न संपत आलं की संख्या स्थिरावते, आणि शेवटी ऱ्हास. वाढीचे हे चार टप्पे परीक्षेत आलेख काढण्यापुरते सगळ्यांना पाठ असतात. स्टेन करताना मात्र आपण त्या आलेखावर कुठे उभे आहोत हे कुणी विचारत नाही.

वाढणारी पेशी भित्तिका सतत तोडते आणि नव्याने बांधते. तोडणारी विकरं, म्हणजे ऑटोलायसिन, पेशीत असतातच, त्याशिवाय भिंत लांब कशी होणार. अन्न संपलं की बांधकाम थंडावतं. पेशीपटलावरची ऊर्जा ओसरली की ऑटोलायसिनवरचा लगामही सैल होतो आणि तोडकाम चालू राहतं. भिंत जागोजाग पातळ होते, काही पेशी फुटतात. बॅसिलसच्या बाबतीत यात बीजाणूंची भर. उपासमार झाली की काही पेशी आत बीजाणू तयार करतात आणि शेवटी मातृपेशी स्वतः विरघळून बीजाणूला मोकळा करते. त्या विरघळणाऱ्या पेशीवर क्रिस्टल व्हायोलेट टिकेल अशी अपेक्षा करणं म्हणजे पाडकाम चाललेल्या घराला कुलूप लावण्यासारखं आहे.

सोमवारची स्लाइड नीट पाहिली तर हे सगळं तिच्यात लिहिलेलंच होतं. दांडक्यांच्या मधे रंगहीन लंबगोल पोकळ्या, म्हणजे ग्रॅम स्टेन आत न घेणारे बीजाणू. काही ठिकाणी नुसत्याच गुलाबी कडेच्या रिकाम्या अंडाकृती. आम्ही रंग मोजत होतो, आकार बघत नव्हतो. बीजाणूंची खात्री करायची असेल तर मॅलाकाइट ग्रीन वाफेवर देऊन वेगळा स्टेन करा: बीजाणू हिरवे, पेशी गुलाबी.

उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा निघाला. स्टेनसाठी 18 ते 24 तासांचंच कल्चर. सोमवारी काम असेल तर रविवारी संध्याकाळी कुणीतरी येऊन ताजी प्लेट लावायची.

सगळेच जीवाणू वयाने असे बिघडत नाहीत. स्टॅफ बराच काळ तग धरतो. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांच्यात हा प्रकार सगळ्यात जास्त, आणि क्लॉस्ट्रिडियमच्या काही जाती तर तरुणपणीही गुलाबी दिसतात. कोरिनेबॅक्टेरियम आणि ॲक्टिनोमायसिस यांसारख्यांत भिंत विभाजनाच्या जागी कमकुवत असते, त्यामुळे एकाच दृश्यात दोन्ही रंग मिळतात.

वय बरोबर आहे, तरीही?

मग वाढ कशावर झाली ते बघा. निवडक (ठरावीक जीवाणूंनाच वाढू देणाऱ्या) माध्यमावरून, म्हणजे मॅकॉन्की किंवा मॅनिटॉल सॉल्ट अगारवरून, थेट स्मिअर करायचा मोह टाळा. पित्तक्षार आणि जास्त मीठ पेशीवर ताण देतात, आकारही बदलतात. आधी न्यूट्रिएंट अगारवर एकदा उतरवा. साखर भरपूर असलेल्या ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) जीवाणू स्वतःच आम्ल तयार करून पीएच खाली आणतात आणि वेळेआधीच म्हातारे होतात. काटेकोर अनारोब (ऑक्सिजन न चालणारे जीवाणू) हवेत उघडे पडले की मरायला लागतात, त्यांचा स्मिअर जार उघडल्याबरोबर करा. फ्रिजमधली दोन आठवडे जुनी प्लेट वरून टवटवीत दिसली तरी तिच्यावरच्या पेशी टवटवीत नसतात.

रुग्णाचा नमुना असेल तर प्रतिजैविक सुरू झालंय का ते विचारा. पेनिसिलिनच्या गटातली औषधं पेप्टिडोग्लायकनची विणच अडवतात. औषधाचा मार खाल्लेला ग्रॅम पॉझिटिव्ह गुलाबी दिसू शकतो आणि ग्रॅम निगेटिव्ह दांडका लांबलचक दोऱ्यासारखा. नमुन्यात पांढऱ्या पेशी असतील तर त्यांची केंद्रकं गुलाबी आली पाहिजेत. ती जांभळी असतील तर अल्कोहोल कमी पडलंय. कंट्रोल लावायला विसरलात तरी हा फुकटचा कंट्रोल हाताशी असतो.

स्टेन बरोबर, पण प्रश्नच चुकीचा

काही जीवाणूंच्या बाबतीत कितीही नीट केलं तरी ग्रॅम स्टेन नीट उत्तर देणार नाही. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नाही. मायकोबॅक्टेरियमच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो, त्यात रंग नीट शिरत नाही; त्याला झील-नील्सन हा वेगळा स्टेन लागतो. सिफिलिसचा ट्रेपोनेमा इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसतच नाही, तिथे डार्क-फील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर उजळ दाखवणारा) सूक्ष्मदर्शक हवा. ॲसिनेटोबॅक्टर ग्रॅम निगेटिव्ह असूनही जांभळा रंग हट्टाने धरून ठेवतो, वर गोलसर दिसतो, आणि भल्याभल्यांना कॉकाय वाटतो.

वर्गीकरणाच्या बाबतीतही असंच. व्हेलोनेला हा आनुवंशिक नात्याने बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियमच्याच मोठ्या संघातला, पण त्याला बाह्यपटल आहे आणि तो गुलाबी दिसतो. डिनोकॉकसची भिंत जाड, त्याच्यावर बाह्यपटलही आहे, आणि तो जांभळा. 1977 पासून रायबोसोमच्या आरएनएच्या क्रमावरून नाती लावायला सुरुवात झाली, तेव्हापासून जांभळा आणि गुलाबी ही दोन घराणी नसून भिंतीच्या दोन बांधण्या आहेत हे स्पष्ट होत गेलं. रोजच्या कामात हे कप्पे अजूनही खूप उपयोगी आहेत, कारण कोणतं औषध आत पोचेल हे बरंचसं त्या बांधणीवर ठरतं. व्हॅन्कोमायसिनचा मोठा रेणू बाह्यपटल ओलांडू शकत नाही, म्हणून बहुतेक ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंवर तो चालत नाही.

पडताळा कसा घ्यायचा

रंगावर वाद होत असेल तर 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरा. स्लाइडवर एक थेंब, त्यात लूपभर (तारेच्या कड्यावर मावेल तेवढी) कॉलनी, मिनिटभर ढवळा आणि लूप हळूच वर उचला. ग्रॅम निगेटिव्ह पेशी अल्कलीत फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर येऊन थेंब चिकट होतो आणि लूपबरोबर तार ओढली जाते. ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये थेंब पाणीदारच राहतो. हातमोजे घाला, अल्कली कातडी सोडत नाही. इथेही अपवाद आहेत, पण स्टेन आणि ही चाचणी एकाच बाजूने बोलल्या तर मी पुढे जातो.

सोमवारच्या त्या गुलाबी बॅसिलसवर हीच चाचणी केली. तार आली नाही. म्हणजे इतके दिवस वहीत खोडलेला ‘पॉझिटिव्ह’ बरोबर होता आणि त्याच्यावर लिहिलेला ‘निगेटिव्ह’ चूक.

आता प्लेटच्या तळाला तारखेसोबत वेळही लिहायची सक्ती आहे. झाकणावर लिहायचं नाही, झाकणं अदलाबदल होतात.